टक्कल दिसलं की लगेच सॉक्रेटिस म्हणू नका

अंगठीच्या कोरीव खड्यावरचा चेहरा सॉक्रेटिसचा का, असं विचारलंत, तो फोटो पाहिला. लाल कार्नेलियन (अर्धमौल्यवान दगड), टक्कल, दाढी, चपटं नाक. सॉक्रेटिस असेलही, पण ग्रीक मद्यदेव डायोनायससचा तो बेवडा सोबती सायलेनस, त्याचंही तोंड असंच कोरत. आधी कान बघा. घोड्यासारखा टोकदार असेल तर विषय संपला. माणसाचा असेल तर पुढे बोलू.

आणि नुसत्या खड्याकडे टक लावून बसू नका, तो मेणात किंवा मातीत दाबून उठवलेल्या ठशाचा फोटो विकणाऱ्याकडे मागा. अशा शिक्क्याच्या खड्यात चेहरा आत खोदलेला असतो, नाकाचा उठाव ठशातच कळतो.

खड्यांवरच्या तत्त्वज्ञांत मला ग्रीक एपिक्युरस जास्त आवडतो: लांबट, ओढलेला चेहरा, खोल डोळे. त्याचे अनुयायी पेल्यांवर, अंगठ्यांवर त्याची छबी बाळगत, असं रोमन लेखक सिसेरोच्या लिखाणात आहे. म्हणजे भक्ताच्या बोटातला फोटोच म्हणा ना! सॉक्रेटिस वारला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये, पण असे बरेचसे खडे रोमन काळातले. तेव्हा ‘समकालीन चित्र’ म्हणून कोणी भाव वाढवला, तर हसून सोडून द्या.

ग्रीक सही दिसली तर हुरळू नका. पोलंडच्या पोनियातोव्स्की राजपुत्राच्या संग्रहातल्या सुमारे २,५०० खड्यांपैकी कितीतरींवर प्राचीन कारागिरांच्या खोट्या सह्या होत्या.