काकांच्या मशीनवर किती खर्च करावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. काकांचा कपडे शिवायचा छोटा कारखाना बंद झाला आणि त्यातलं सिंगर ३१-१५ हे कपडे शिवायचं जुनं मशीन तुमच्याकडे आलं. तुम्ही हौसेने, हाताने टाके घालून लेदरची पाकिटं करता. आता याच मशीनवर बॅगा आणि बेल्ट शिवायचे आहेत. एका मेकॅनिकने यादी दिली आहे: सर्व्हो मोटर, वेग कमी करणारी पुली, जाड दोऱ्यासाठी हुक (वरचा दोरा पकडून टाका बांधणारा भाग) आणि टेन्शनची (दोऱ्याच्या ताणाची) दुरुस्ती, शिवाय दाते घासणं आणि फूट नवीन बनवून बसवणं. सगळ्याचा खर्च वापरलेल्या वॉकिंग फूट मशीनच्या, म्हणजे सगळे थर एकत्र सरकवणाऱ्या मशीनच्या, जवळपास दोन तृतीयांश होतो. हे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढावेत की कार्डावर हप्ते करावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही करू नका. आणि यादीतला निम्मा खर्च मुळातच करू नका.

या मशीनमध्ये कापड पुढे सरकतं ते फक्त खालच्या दात्यांमुळे. वरचा फूट नुसता दाबून धरतो. सुती कापडाला तेवढं पुरतं. लेदरचं तसं नाही. वरचा थर फुटाला चिकटून मागे रेंगाळतो, खालचा पुढे जातो आणि शिवण संपेपर्यंत दोन्ही कडा जुळेनाशा होतात. शिवाय खालच्या बाजूला दात्यांचे वळ उठतात. वॉकिंग फूट मशीनमध्ये सुई, आतला फूट आणि दाते तिन्ही एकत्र सरकतात, म्हणून थर हलत नाहीत. ही रचना मशीनच्या पोटात असते. दाते घासून किंवा फूट बदलून ती आणता येत नाही. मोटर कितीही दमदार लावली तरी सुई लेदर भेदेल एवढंच, थर काही एकत्र सरकणार नाहीत.

दोऱ्याचंही तसंच. टेक्स ७० म्हणजे ज्याचं एक किलोमीटर ७० ग्रॅम भरतं असा दोरा. तो ११० नंबरच्या, म्हणजे १.१ मिलिमीटर जाडीच्या सुईतून जातो आणि तुमचं मशीन तिथपर्यंत साथ देतं. बेल्टसाठी तुम्हाला टेक्स १३५ हवा आहे. त्याला १४० ची सुई लागते, आणि कपड्यांच्या मशीनचा हुक व बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) त्या जाडीसाठी घडवलेले नसतात. टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकचा मेळ, ओढूनताणून बसवलं तरी टाके सुटत राहतात. कापडावर चुकलेला टाका उसवता येतो, लेदरवर पडलेलं भोक कायमचं राहतं. असा वाया गेलेला प्रत्येक तुकडा तुमच्या हिशोबात धरा, मेकॅनिकच्या यादीत तो नाही.

आता पैशांकडे येऊ. खर्चाच्या प्रत्येक ओळीला मी एकच प्रश्न विचारतो: उद्या हे मशीन काढून टाकलं, तर यातलं माझ्याकडे काय उरेल? सर्व्हो मोटर उरते. ती टेबलाखाली बोल्टने बसते, पुढच्या मशीनला तशीच लागते आणि पॅडल दाबल्याशिवाय फिरत नाही, तर जुनी क्लच मोटर तुम्ही शिवत असा वा नसा, वीज खात गुणगुणत राहते. पुली उरते. टेबल आणि स्टँडही बहुतेक वेळा उरतात, कारण सपाट बेडच्या बऱ्याच इंडस्ट्रियल मशीनचा खाचा एकाच मापाचा असतो. मात्र घासलेले दाते, घडवून घेतलेला फूट, हुकवर झालेलं काम यातलं काहीही दुसऱ्या मशीनला लागत नाही. उलट काकांचं मशीन विकायची वेळ आली तर अशा छेडछाडीने त्याची किंमत घटते.

वापरलेल्या वॉकिंग फूट मशीनचा हिशोब वेगळा आहे. सिंगर १११डब्ल्यू१५५, जुकी एलयू-५६३, कॉन्स्यू २०६आरबी ही जुनी, दणकट नावं. तिन्हींना १३५×१७ जातीच्याच सुया लागतात. मशीन नीट पारखून घेतलं आणि हौस दोन वर्षांत ओसरली, तरी ते कोणीतरी घेतं. म्हणजे तुमचा खरा खर्च खरेदीची पूर्ण किंमत नसून खरेदी आणि विक्रीतला फरक असतो. हुक, दाते आणि फुटावर घातलेल्या पैशांची विक्रीची किंमत शून्य. म्हणूनच यादीची बेरीज कमी दिसत असली, तरी मला ती महाग वाटते.

मशीन काकांचं आहे, भंगारात जाऊ नये, हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. ती भावना मला पूर्ण पटते. पण त्याच्याकडून बेल्ट शिवून घेण्याचा हट्ट त्या मशीनवरही अन्याय आहे. बॅगांचं अस्तर, आतले कापडी कप्पे, कॅनव्हास, पातळ मऊ लेदरचे दोन थर, हे ते उत्तम शिवेल. त्यासाठी रोलर फूट, म्हणजे छोटी चाकं असलेला फूट, बसवा. तो स्वस्त असतो, स्क्रूने लागतो, निघतो आणि पातळ लेदर अडखळू देत नाही.

एक बदल तर फुकट आहे. पट्टा काढा आणि वरचं चाक हाताने फिरवून शिवा. पाकिटाएवढी शिवण अशी आरामात होते, आणि मशीनला तुमचं लेदर झेपतं का ते एकही पैसा न घालवता कळतं. मोटर घेण्याआधी हे नक्की करा. जुन्या मोटरची पाटीही वाचा. कारखान्यातल्या मोटर पुष्कळदा थ्री फेजच्या असतात आणि घरच्या जोडणीवर तशा चालत नाहीत. तसं असेल तर सर्व्होचा निर्णय आपोआप झालाच.

जाड कामासाठी तूर्त आरी आणि दोन सुयांचा हातटाका सोडू नका. त्यात एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो, मशीनच्या टाक्यात ती सोय नाही. वेळ लागतो हे खरं, पण हौसेत वेळ हा खर्च नसतो.

अडीअडचणीची रक्कम तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी असावी असं मी सगळ्यांनाच सांगतो, आणि तुमची जेमतेम चार महिन्यांची आहे. तिला हात नको. कार्डाचे हप्ते तर विक्रीच्या भरवशावर मुळीच नकोत. अजून एकही बॅग विकलेली नाही. पहिल्या बॅगा तुम्ही ओळखीच्यांना देणार, आणि ओळखीचे लोक तुमच्या मजुरीचे पैसे धरत नाहीत. त्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. लेदर, दोरा, सुया सगळं त्यातूनच घ्या. विक्री झाली तर तीही तिथेच जमा करा. आधी सर्व्हो घ्या. मग खात्यात वॉकिंग फूट मशीनपुरते पैसे साठतील तेव्हा ते घ्या, आणि मोटर त्याला जोडा. घरात दोन टेबलांना जागा आहे का, हेही आत्ताच मोजून ठेवा.

मेकॅनिकला मात्र तोडून टाकू नका, तेलपाणी आणि टायमिंगसाठी असा माणूस हाताशी हवा. तरीही तो मूळ यादीवर ठाम राहिला, तर आगाऊ पैसे देण्याआधी तुमच्या बेल्टचं लेदर आणि तुमचा दोरा त्याच्याकडे द्या, आणि त्याने आधी असे बदल केलेल्या एखाद्या मशीनवर हातभर शिवण समोर घालून दाखवायला सांगा.