क्लॅम्पच्या अलीकडचे भोक

प्रश्न : आमच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणक-नियंत्रित मशीनवर) फानुक कंपनीचा कंट्रोल आहे. माइल्ड स्टीलच्या प्लेटमध्ये एका ओळीत ८.५ मि.मी.ची आठ भोके पाडायची होती. चौथ्या आणि पाचव्या भोकाच्या मध्ये प्लेट दाबून धरणारा २५ मि.मी. उंचीचा क्लॅम्प असल्याने मी पाचव्या भोकाच्या ब्लॉकमध्ये (प्रोग्रॅमच्या ओळीत) जी ९८ लिहिले, तरीही ड्रिल क्लॅम्पवर आदळून तुटले. चूक कोठे झाली?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : जी ९८ आणि जी ९९ हे कोड टूल भोकाकडे कोणत्या उंचीवरून जाईल हे ठरवत नाहीत, त्या ब्लॉकमधले भोक पाडून झाल्यावर टूल किती वर येईल, एवढेच ठरवतात. चौथ्या भोकापर्यंत जी ९९ लागू असल्याने ड्रिल फक्त आर पातळीपर्यंत (प्लेटच्या जरा वर, प्रोग्रॅममध्ये ‘आर’ने दिलेल्या उंचीपर्यंत) उचलले गेले आणि त्याच उंचीवरून रॅपिडने (पूर्ण वेगाने) थेट क्लॅम्पवर गेले. पाचव्या ब्लॉकमधले जी ९८ वाचले गेले खरे, पण तोपर्यंत उशीर झाला होता. ते चौथ्या ब्लॉकमध्ये हवे, आणि पाचव्यात पुन्हा जी ९९.

मात्र एवढ्यानेच निर्धास्त होऊ नये. जी ९८ ज्या पातळीवर परत नेते ती ठरावीक उंची नसून, सायकल (एकाच कोडने होणारा भोक पाडण्याच्या हालचालींचा क्रम) सुरू होण्यापूर्वी टूल झेडमध्ये, म्हणजे उभ्या अक्षावर, जेथे होते ती जागा असते. जी ४३ च्या (टूलच्या लांबीचा हिशेब लावणाऱ्या कोडच्या) ब्लॉकमध्येच टूल झेड ५ पर्यंत खाली आणण्याची सवय अनेकांना असते. तसे केल्यास जी ९८ सुद्धा ५ मि.मी.वरच थांबेल आणि क्लॅम्प पुन्हा आडवा येईल. म्हणून असे लिहावे (जी ८३ ही टप्प्याटप्प्याने भोक पाडत दर वेळी ड्रिल आर पातळीपर्यंत बाहेर काढणारी सायकल) :

जी ९० जी ४३ एच १ झेड ५०. ;
जी ९९ जी ८३ एक्स २०. वाय ३०. झेड -४०. आर ३. क्यू ४. एफ १२० ;
एक्स ४०. ;
एक्स ६०. ;
जी ९८ एक्स ८०. ;
जी ९९ एक्स १४०. ;

उरलेली तीन भोके याच रीतीने लिहून शेवटी सायकल बंद करणारे जी ८० द्यावे. ते राहिले, तर सायकल चालूच राहते आणि पुढे नुसते एक्स किंवा वाय लिहिले तरी तेथे भोक पडते. जॉब बाहेर काढण्यासाठी टेबल पुढे घेताना फिक्स्चरला (जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याला) भोक पाडणारे प्रोग्रॅमर काही कमी नाहीत.

वेळ वाचवण्यासाठी जी ७३ ही दुसरी सायकल वापरण्याचा मोह होईल, पण त्यात ड्रिल प्रत्येक टप्प्यानंतर किंचितच मागे येत असल्याने बुरा तुटतो, बाहेर पडत नाही. ४० मि.मी. खोलीला मी जी ८३ च ठेवीन.

पहिली चाचणी वर्क ऑफसेट (जॉबचा शून्यबिंदू) झेडमध्ये १०० मि.मी. वर घेऊन सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत चालवून) करावी. चौथे भोक संपून मशीन थांबेल तेव्हा स्क्रीनवर झेड ५० दिसले, तरच पुढचे स्टार्ट बटण दाबावे.