व्यायाम घरात शिरण्याआधी उरका

ताई, पत्रात लिहिलेला तुमचा दिवस वाचला. पाणी यायच्या वेळेला उठणं, दोन डबे, मुलांची शाळा, मग बडोद्यातल्या कारेलीबागेतून स्कूटरवर मकरपुरा जीआयडीसीतलं, म्हणजे औद्योगिक वसाहतीतलं ऑफिस. यजमानांचं अंकलेश्वरला अपडाऊन, घरी सासूबाई. त्यात डॉक्टर म्हणाले, 'साखर काठावर आहे, व्यायाम करा.' जानेवारीत घेतलेली जिमची मेंबरशिप मार्चपर्यंतच चालली. आता पहाटे पाचला उठावं की घरी ट्रेडमिल आणावी, असं विचारलंत.

दोन्ही नको.

पहाटे पाचला उठा म्हणणाऱ्यांचा डबा बहुधा दुसरंच कोणी भरत असतं. तुम्ही साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकता. झोपेतून कापून काढलेला वेळ फार दिवस पुरत नाही, आणि अपुरी झोप साखरेलाही बाधते. ट्रेडमिलचं दुखणं वेगळं आहे. घरात असलेली बाई सगळ्यांना मोकळीच दिसते. पट्ट्यावर चालत असलात तरी 'आई, माझी वही कुठंय' चुकणार नाही.

बडोद्यात व्यायामाचं कौतुक जुनं. दांडिया बाजाराच्या आसपासची मुलं संध्याकाळी जुम्मादादा व्यायाममंदिरात जायची, तिथले गुरू प्रो. माणिकराव यांचं नाव तर दूरवर गेलेलं. माझे काका त्यातलेच एक. ती मुलं काही फार निग्रही नव्हती. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि दांडी मारली की दुसऱ्या दिवशी 'काल कुठं होतास रे?' असं विचारणारं कोणीतरी असायचं. (त्यांच्या बहिणी त्या वेळी घरात काय करत असायच्या, ते तुम्हाला सांगायला नको.) तुम्हाला असाच एक तुकडा हवाय, ज्यावर घरातल्या कुणाचा हक्क चालत नाही. तुमच्या दिवसात तो मला एकाच ठिकाणी दिसतो: ऑफिस सुटल्यावर, घरात शिरण्याआधी.

चालायचे बूट स्कूटरच्या डिकीत कायमचे ठेवा. परतताना थोडी वाकडी वाट करून काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी या, गाडी लावा आणि कमाटीबागेत पंचवीस मिनिटं झपझप चाला. घरी 'मी फिरायला जाते' असं जाहीर करू नका, त्यावर चर्चा होते. 'आता मला यायला सात होतात,' एवढंच सांगा. ऑफिसमुळे उशीर झाला तर घर चालतंच ना? तसंच चालेल. मुलांना सहाच्या भुकेला चणे-कुरमुरे काढून ठेवा; सासूबाईंना चहा करता येत असेल तर त्यांना तो करू द्या. शक्य असेल तर ऑफिसातली एखादी मैत्रीण जोडीला घ्या, म्हणजे 'काल कुठं होतीस?' विचारायलाही कोणी राहील.

हिशोब बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेलं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे. पंचवीस मिनिटं सहा दिवस म्हणजे १५० झालीच. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं. सलग जमलं नाही तरी हरकत नाही. एका दमात किमान दहा मिनिटं हवीत, ही जुनी अट २०२० च्या सूचनांत काढून टाकली आहे. दहा हजार पावलांच्या मागे तर मुळीच लागू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला, कुठल्या वैद्यकीय तपासणीतून नव्हे.

साखरेसाठी आणखी एक सोपी गोष्ट. जेवण झाल्या झाल्या चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. ऑफिसात डबा संपला की खुर्चीत परत बसण्याआधी कंपाउंडमध्ये दहा मिनिटं फिरा. रात्री यजमानांना घेऊन सोसायटीला दोन फेऱ्या मारा. दिवसभरात तुमचं दोघांचं बोलणं तरी कधी होतं?

चालणं पुरेसं नाही, हे मात्र बायकांना कोणी सांगत नाही. स्नायूंना जोर द्यायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवाच, चाळिशीकडे झुकताना तर जास्तच. त्याला जिम लागत नाही. कुकर लावला की ओट्यावर हात टेकून तिरके जोर काढा, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, दम लागेपर्यंत. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच. जिमच हवी असेल तर ऑफिसच्या वाटेवरची घ्या, घराजवळची नको.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहालाही बडोदं भाजत असतं. त्या दिवसांत चालणं रात्री जेवणानंतर न्या. आणि नवरात्रावर विसंबू नका. नऊ रात्री गरबा हा दमदार व्यायाम आहे खरा, पण एरवी वर्षभर बसून काढलं आणि एकदम मैदानात उतरलं की गुडघे बोलतात.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं कोणी सांगेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी हे मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यांना दिसलं. तेव्हा पाहुणे आले, मुलाची परीक्षा आली, तर तो दिवस सोडून द्या. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट चालू नका.

चालताना छातीत दाब वाटला किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबा आणि आधी डॉक्टरांना गाठा. नाहीतर पुढची एचबीए१सी तपासणी तीन महिन्यांनी करा. ती रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. महिन्याभरात केलीत तर त्या आकड्यात तुमच्या चालण्याआधीचे दिवसही मोजले जातील.