वाचकांचे प्रश्न : ब्राँझचा पुतळा हिरवा पडला, आता रंग द्यायचा का?

प्रश्न : आमच्या तालुक्याला सरकारी कचेरीच्या आवारात बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा आहे, बरीच वर्षं झाली त्याला. आता कोटावर हिरवे ओघळ दिसायला लागलेत. जयंती कमिटीतली पोरं म्हणतात सोनेरी ऑइलपेंट मारू, चकाचक दिसेल, आणि काहीजण म्हणतात चिंचेनं घासून काढू. काय करावं?

उत्तर : ऑइलपेंट नको आणि चिंच तर अजिबात नको, कृपा करून पोरांना थांबवा. पोरांची भावना चांगलीच आहे, पण पुतळ्याचं नुकसान होईल.

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि त्यात कथील, आपल्याकडे ओतकामात बऱ्याचदा गनमेटल वापरतात, म्हणजे साधारण ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. पुतळ्याचा जो तपकिरी-काळपट रंग असतो तो मळ नसतो, तो शिल्पकारानं धातू तापवून केमिकल लावून मुद्दाम आणलेला असतो, त्याला पॅटिना म्हणतात. पुढे पाऊस, हवा लागून त्यावर हिरवा थर येतो, तो घट्ट आणि एकसारखा असेल तर खालच्या धातूला उलट संरक्षणच देतो. चिंचेतल्या आम्लानं हे सगळं निघून जातं आणि उघडा पडलेला धातू परत गंजायला मोकळा. ऑइलपेंटचं तर विचारूच नका, चेहऱ्यावरच्या बारीक रेषा, चष्म्याच्या कडा, कोटाच्या घड्या सगळं बुजतं, मग रंगाचे पोपडे निघतात आणि त्याखाली ओल धरून बसते. शिल्पकारानं चेहरा जिवंत करायला जो जीव ओतलेला असतो तो एका डब्यात झाकून टाकायचा, मला तरी हे बघवत नाही.

एक मात्र तपासा, फिकट हिरवी भुकटी सुटतेय आणि खाली बारीक खड्डे पडलेत असं दिसलं तर ते क्लोराइडचं, म्हणजे मिठातल्या क्षाराचं काम, समुद्राकाठी हे जास्त होतं, तिथे घरगुती उपाय न करता धातुशिल्प संवर्धनातला माणूसच बोलवायला हवा.

एरवी सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, स्वच्छ पाण्यानं धुणं, पूर्ण कोरडं करणं आणि मग मेणाचा पातळ हात, वर्षातून एकदा एवढं पुरतं. धातू उन्हानं कोमट असताना मेण चांगलं बसतं. पक्ष्यांची विष्ठा साठू देऊ नका, तीही धातू खाते. हार दुसऱ्या दिवशी उतरवा, तारेचे हार तर टाळाच. आणि पुतळा सरकारी आवारात आहे तेव्हा आधी कचेरीला लेखी अर्ज द्या, परवानगीशिवाय हात लावू नका.

प्रश्न : संसदेसमोरचा बाबासाहेबांचा पुतळा कुणी केला? आता तो तिथे नाही म्हणतात, खरं का?

उत्तर : शिल्पकार ब्रह्मेश वाघ, आपल्या मुंबईचे. साधारण १२ फुटांचा ब्राँझचा पुतळा, २ एप्रिल १९६७ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झालं. डाव्या हातात संविधान, उजवा हात वर आणि बोट संसद भवनाकडे. हो, जागा बदलली. संसदेच्या आवारातले पुतळे एकत्र आणून 'प्रेरणा स्थळ' केलं, १६ जून २०२४ ला उद्घाटन झालं. गांधीजींचा ध्यानस्थ बसलेला १६ फुटी पुतळाही तिथेच गेला, तो धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांचा. खासदार वर्षानुवर्षं त्याच पुतळ्यासमोर बसून आंदोलनं करायचे. विरोधी पक्षांनी या हलवाहलवीला हरकत घेतली होती आणि मलाही वाटतं की जागा बदलली की पुतळ्याचा अर्थ थोडा बदलतोच, बोट कुणाकडे आहे यालाच तर महत्त्व होतं.

प्रश्न : असे मोठे पुतळे आतून भरीव असतात का?

उत्तर : नाही, पोकळ. आधी मातीचं मॉडेल, त्यावरून साचा, मग मेणाची प्रत, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी हजार अंशांच्या वर तापलेला रस ओतायचा. धातूची जाडी काही मिलिमीटरच असते, मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांत ओतून वेल्डिंगनं जोडतात आणि आत सांगाडा असतो. खरी ताकद त्या सांगाड्याची आणि पायाची. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. साधं लोखंड ब्राँझला चिकटून असेल आणि ओल मिळाली तर लोखंड भराभर गंजतं, म्हणून आत स्टेनलेस स्टील हवं आणि साठलेलं पाणी बाहेर पडायला तळाशी बारीक भोकं हवीत. तुमच्या गावच्या पुतळ्याची ती भोकं सिमेंटनं बुजवलेली नाहीत ना, हे पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या.