लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) केमो संपून चार महिने झाले, रिपोर्टही चांगले आहेत, तरी थकवा जात नाही. घरचे म्हणतात, आता काय होतंय तुला? एखादं चांगलं टॉनिक आहे का?

टॉनिक नाही. असतं तर आमच्याकडे त्याचे खोके आले असते. बीट, डाळिंब, काळे मनुके, गव्हांकुराचा रस, यातलं काहीच नातेवाइकांनी सोडलं नव्हतं. मी लिहायला बसले ते तुमच्या त्या 'आता काय होतंय तुला'मुळे.

मला 2022 मध्ये डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला. आर-चॉप या पाच औषधांच्या केमोचे 6 डोस, दर 21 दिवसांनी, कराडहून पुण्याला. ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत असेल, पहिले 5 दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात. स्टेरॉइडच ते. झोप उडते, भूक आवरत नाही आणि अंगात वारं शिरल्यासारखं होतं. चौथा डोस झाला आणि दोन दिवसांनी गणपती बसले. डोसच्या पाचव्या दिवशी पहाटे तीन वाजता मी माळ्यावरची पितळी भांडी काढली आणि समया, तांब्या, घंगाळ सगळं चिंच लावून लख्ख घासलं. घरातले उठून बघतात तर ओट्यावर दुकान मांडलेलं.

डोसच्या सातव्या दिवशी गौरीजेवण. गोळ्या दोन दिवसांपूर्वी संपलेल्या. आंघोळ करताना हातातला साबण पडला, तो उचलायला वाकवेना. तशीच ओल्या अंगानं पाटावर बसून राहिले. नवऱ्यानं दार वाजवलं तेव्हा 'आले' म्हणायलाही दम लागला. मागच्या खोलीत नेऊन निजवलं मला. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. नणंदबाईंचा आवाज स्वच्छ आला: "परवा भिंगरीसारखी फिरत होती, आज सोळा भाज्या चिरायच्या म्हटल्यावर बरी आडवी झाली."

उठून उत्तर द्यायची ताकद नव्हती, नाहीतर दिलं असतं.

पुढच्या डोसला डॉक्टरांना सांगितलं, जरा रडलेच. त्यांनी वही घालायला लावली: रोज रात्री थकव्याला 0 ते 10 पैकी आकडा, आणि शेजारी दिवसभरात काय केलं ते. पाचव्या डोसची पानं बघा. पाचवा दिवस 2, सातवा दिवस 8. सहाव्या डोसलाही तेच. म्हणजे आधीची तरतरी गोळ्यांची होती आणि नंतरचं कोसळणं गोळ्या थांबल्याचं. त्यात पुढच्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तिसऱ्या आठवड्यात जरा माणसात येतो तोवर पुन्हा पुण्याची बॅग भरायची.

दिवाळीनंतरचा पेट स्कॅन, कॅन्सर उरलाय का ते बघणारा, स्वच्छ आला. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गॅसवरचं दूध उतू जाताना मी खुर्चीवरून नुसती बघत होते. केमोत 9 वर असलेलं हिमोग्लोबिन तोवर 12 च्या जवळ आलं होतं. रक्त भरलं की थकवा जातो हे गणित इथे चालत नाही. झोपून उठलं तरी तो तसाच असतो, म्हणून तर तो आळस नव्हे.

पण सासूबाईंचं 'हलू नकोस, पडून राहा' हेही चूकच होतं, मायेनं म्हणत असल्या तरी. स्टेरॉइडनं मांड्यांची ताकद गेलेली असते, पडून राहिलं की उरलेलीही जाते. मला फरक पडला तो चालण्यानं. पहिल्या आठवड्यात फाटकापासून किराणा दुकानापर्यंत, 6 मिनिटं, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवली. वाईट दिवशी निम्मं चालायचं, पण चालायचं. आणि बरं वाटलं त्या दिवशी पितळ घासायला बसायचं नाही, हे जास्त अवघड. आंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, भाजी बसून, दुपारची झोप अर्धा तास, गजर लावून. मला पुन्हा पूर्वीसारखं वाटायला वर्ष लागलं. चार महिन्यांत तुम्ही मागे पडलेल्या नाही आहात.

हे आधी सांगायला हवं होतं: चालायला लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर व्यायाम जपून. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, मनाची उदासी, सगळं एकदा तपासून घ्या, यातलं काही निघालं तर त्यावर इलाज आहे. दम लागत असेल, पाय सुजत असतील तर लगेच दाखवा, आर-चॉपमधलं एक औषध हृदयाला त्रास देऊ शकतं. रात्री घाम, ताप, वजन उतरणं पुन्हा सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लोहाच्या गोळ्या मनानं घेऊ नका. आणि ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांनी 100.4 च्या वर ताप गेला की रात्र असो, पाहुणे असोत, थेट दवाखाना.

घरच्यांसाठी वहीच घाला. तोंडी भांडून मी थकले होते, आकडे दाखवल्यावर नवरा तरी गप्प झाला. नणंदबाईंनी वही उघडली नाही. त्या हे वाचत असतील तर: वन्सं, पितळ घासलं पाचव्या दिवशी, आडवी झाले सातव्या दिवशी. वही अजून कपाटात आहे.