पाककृती सांगताना नेमके काय सांगायचे राहून जाते?

घरी स्वयंपाक करणारे वाचक एकमेकांना कृती देतात-घेतात आणि त्या बिघडल्या की आमच्याकडे दाद मागतात. अशा पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझ्या हातचा रस्सा मैत्रिणींना आवडतो, म्हणून मी त्याची कृती सविस्तर लिहून दिली. ‘कांदा दहा मिनिटे परतावा’ असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही एकीचा कांदा पांढराफटक आणि पाणचट राहतो, तर दुसरीचा कडेने जळतो. चूक कोणाची?

उत्तर : चूक त्या दहा मिनिटांची आहे. कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी असते आणि ते निघून जाईपर्यंत भांड्यातल्या कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही. कांद्याला बदामी रंग आणि खमंग वास येतो तो मुख्यतः त्यातली साखर व अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेमुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने होते. म्हणजे आधी पाणी आटायचे आणि मगच रंग चढायचा. पाणी आटायला किती वेळ लागेल हे कांदा किती आहे, किती बारीक चिरला आहे, भांडे किती पसरट आहे आणि आच किती आहे यांवर ठरते, आणि यातली एकही गोष्ट आपल्या व मैत्रिणीच्या घरी सारखी असेलच असे नाही. जिचा कांदा पाणचट राहतो, तिने बहुधा खोलगट भांड्यात एकदम पुष्कळ कांदा घातला असावा किंवा वर झाकण ठेवले असावे. अशा वेळी निघालेली वाफ तिथेच कोंडते आणि कांदा परतला न जाता उकडला जातो.

यावर उपाय म्हणजे कृतीत मिनिटांबरोबर खुणाही लिहाव्यात. कांदा तेलात पडला की मोठ्याने चुरचुरतो, तो आवाज पाण्याचा असतो. थोड्या वेळाने कांदा पारदर्शक होऊन मऊ पडतो, ढीग निम्म्यावर येतो, आवाज बारीक होतो आणि तेल कडेला वेगळे दिसू लागते. पाणी संपत आल्याची ही खूण आहे. इथून पुढे रंग भराभर बदलतो, म्हणून आच कमी करून कालथा सतत फिरवावा लागतो. जिचा कांदा जळतो ती नेमकी इथेच गाफील राहत असणार. तळाला तपकिरी थर धरू लागला तर चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडून घ्यावा, कारण चव त्यातच असते. सुरुवातीला चिमूटभर मीठ घातले की कांद्याला पाणी लवकर सुटते आणि तो लवकर मऊ पडतो. खाण्याचा सोडा घालून रंग लवकर आणण्याची युक्ती काही जण सांगतात. रंग येतो हे खरे, पण कांद्याचा लगदा होतो, म्हणून आम्ही ती सुचवणार नाही.

मापांचेही असेच आहे. एक वाटी पीठ डब्यात वाटी खुपसून काढले आणि चमच्याने हलके भरले, तर वजनात पाचव्या हिश्श्याहूनही अधिक फरक पडू शकतो. शक्य असेल तिथे वजनच लिहावे.

प्रश्न : कडधान्य रात्रभर भिजवले, तासभर उकळले, तरी दाणे टणकच राहिले. भिजवताना मीठ घातल्यामुळे असे होते, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. ते खरे आहे काय?

उत्तर : नाही, उलट मिठाचा उपयोगच होतो. दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे घट्ट राहते. मिठातले सोडियम त्यांची जागा काही प्रमाणात घेते, साल लवचीक होते आणि दाणा न फुटता एकसारखा शिजतो. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम मीठ भिजवताना पुरते. ते पाणी नंतर ओतून द्यावे आणि दाणे धुऊन घ्यावेत.

खरे दोषी तीन आहेत. पहिला आंबटपणा : टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर आधीच घातले तर दाणा मऊ पडत नाही, म्हणून तो बोटाने सहज चेपला जाईपर्यंत आंबट काही घालू नये. दुसरा जड पाणी : त्यातले कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट करते. चिमूटभर सोड्याने हे सुधारते, मात्र जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. तिसरा जुना माल : उष्ण, दमट जागी फार दिवस राहिलेले दाणे काही केल्या मऊ होत नाहीत. आपण उंचावर राहत असाल तर आणखी एक कारण संभवते. दर ३०० मीटर उंचीमागे पाणी सुमारे एक अंश आधीच उकळते, म्हणजे १५०० मीटरवर ते ९५ अंशांच्या आसपासच राहते. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर तेच तापमान १२० अंशांपर्यंत जाते.

राजम्याविषयी मात्र एक ताकीद आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. तो किमान पाच तास भिजवावा, पाणी बदलावे आणि निदान अर्धा तास खळखळून उकळावा. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट घालू नये, कारण उकळीपर्यंत न पोचणाऱ्या तापमानाला हे द्रव्य टिकून राहते.

प्रश्न : रस्सा खारट झाला तर बटाटा टाकावा, तो मीठ शोषून घेतो, असे सर्वत्र सांगितले जाते. आम्हाला फरक जाणवला नाही.

उत्तर : आपली जीभ बरोबर सांगते आहे. बटाटा मीठ तेवढे निवडून घेत नाही. त्यात रस्सा मुरतो, तो मिठासकट, आणि पातेल्यात उरलेला रस्सा जवळपास तितकाच खारट राहतो. एका लिटरमध्ये १५ ग्रॅम मीठ पडले असेल आणि ते एक टक्क्यावर आणायचे असेल, तर अर्धा लिटर बिनमिठाचे पाणी किंवा तितक्या शिजवलेल्या भाज्या घालण्यावाचून गत्यंतर नाही. थोडा लिंबाचा रस खारटपणा झाकतो, कमी करत नाही. कृती लिहिताना मीठ कोणते हेही लिहावे : एक सपाट छोटा चमचा बारीक मीठ सुमारे सहा ग्रॅम भरते, तर पापुद्र्यांचे मीठ त्याच्या निम्मेच.

प्रश्न : एकत्र जेवणासाठी आदल्या दिवशी मोठे पातेले भरून भात आणि रस्सा करते. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणून रात्रभर ओट्यावरच निवू देते आणि सकाळी उकळून घेते. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजूनही जिवंत राहतात आणि ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न बराच वेळ राहिले की त्यांची वाढ होऊन विष तयार होते. उलट्या घडवणारे हे विष सकाळच्या उकळीने नष्ट होत नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या खाली गेले पाहिजे. अडचण असते ती पातेल्याच्या खोलीची. दाट अन्नाच्या थराची जाडी दुप्पट झाली तर मधला भाग निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून भात पसरट ताटांत चार-पाच सेंटिमीटरहून जाड न ठेवता पसरावा, रश्शाचे पातेले थंड पाण्यात ठेवून ढवळत राहावे, आणि वाफ बसली की छोट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. डबे एकमेकांना चिकटवून रचू नयेत, मध्ये हवा खेळू द्यावी. वाढण्यापूर्वी रस्सा मधोमध ७५ अंशांपर्यंत तापवावा, आणि जे उरेल ते पुन्हा तापवण्यासाठी राखून ठेवू नये.