सैन्यात वेगवेगळ्या राज्यांची पोरं एकमेकांसाठी जीव द्यायला कशी तयार होतात? देशभक्ती की ट्रेनिंग?

तुमचा पुतण्या अग्निवीर भरतीची तयारी करतोय म्हणून विचारलंत, तर स्पष्टच सांगतो. देशभक्ती भरतीच्या मैदानापर्यंत. पुढं पोस्टवर सगळं चालतं पहाऱ्याच्या पाळीवर आणि सुट्टीच्या नंबरावर.

मी ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचा, ट्रेनिंग कामठीला. पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पांनी १९४९ मध्ये ही रेजिमेंट काढली तीच सगळ्या जाती-प्रांतांची पोरं एकत्र घेऊन. आमच्या सेक्शनमधल्या दहा जणांच्या सहा भाषा. नोव्हेंबरात काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या वरच्या पोस्टवर बाबा गेल्याचा निरोप आला. सुट्टीचा नंबर हरियाणाच्या हवालदाराचा होता, बहिणीचं लग्न होतं त्याच्या. त्यानं बांधलेली बॅग सोडली, त्यातले कोरडे मोजे माझ्या पिठ्ठूत कोंबले आणि म्हणाला, "पहले तू जा."

गावी पोचलो तोवर राख सावडून झाली होती. दहावा केला आणि निघालो. साहेब फोनवर म्हणाले होते, चार दिवस जास्त थांब. पण मी वर चढल्याशिवाय हवालदार खाली उतरणार नव्हता, आणि लग्नाला उरले होते नऊ दिवस. एसटीत चढताना मोठा भाऊ चारचौघांत बोलला, "काहून रे, बाप मोठा का पल्टन?" आजही श्राद्धाला पाहुण्यांसमोर निघतंच, "याले तेरवीलेही थांबता नाही आलं."

दादाला वाटतं मी साहेबाच्या धाकानं गेलो. दहातला एक जरी कमी झाला की बाकीच्यांचा पहारा लांबतो, बर्फात. मी इथं तेरवीचं जेवलो असतो, तिकडं माझी पाळी कोणीतरी उभ्यानं काढली असती. हवालदार लग्नाच्या आदल्या रात्री घरी पोचला.

हां, सगळीकडं असं नसतं. दुसऱ्या एका पोस्टिंगला सुट्ट्या वशिल्यानं वाटत. तिथं बडा खाना म्हणजे साहेब-जवानांचं एकत्र जेवण झालं, सैनिक संमेलनं झाली, तरी लंगरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

आम्हाला वार्षिक सुट्टी ६० दिवस होती, अग्निवीराला ३०. त्यातून दुसऱ्यासाठी सोडणार काय? शिवाय चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, मग शेजारच्या खाटेवरचा सोबती की स्पर्धक? मला तरी शंका आहे.

पुतण्याला पळवा, पुलअप्स काढायला लावा, ते आहेच. पण घरच्यांनी आधीच ठरवून ठेवा, उद्या तो तेरवीला थांबला नाही तर त्याला बोलायचं नाही. हे उत्तर मी दादालाही पाठवतोय.